ड्रमॉरनची अर्धी चाल

"कुर्सी नहीं चाहिए," गोरा साहेब म्हणाला आणि सरळ जाऊन तालमीच्या दगडी कट्ट्यावर बसला.

खुर्ची आणायला सुभेदार कणशांनी दोन माणसं मुद्दाम हायस्कुलात पाठवली होती. हेडमास्तरांची हातांची खुर्ची होती ती. उंच पाठीची, वेताने विणलेली, सबंध गावात तिच्या जोडीची दुसरी नव्हती. सुभेदारांनी खांद्यावरच्या टॉवेलनं ती पुसली आणि पुन्हा एकदा "बैठिये साब" म्हणून पाहिलं. साहेबानं हात जोडले. मग दोघातिघांनी त्याला दंडाला धरून आग्रहानं न्यायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याचा आवाज थोडा कडक झाला. "वो मेरी जगह नहीं है," तो म्हणाला. त्यानंतर कुणी त्याच्या वाटेला गेलं नाही. खुर्ची तशीच कट्ट्यासमोर रिकामी राहिली आणि सुभेदारांचं तोंड जरा उतरलं.

ही चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा पलटणीच्या बँडमध्ये बॅगपाइप वाजवणारा पाइप हवालदार होतो आणि दोन महिन्यांच्या रजेवर घरी आलो होतो. आमचं बोरजाईवाडी सातारा जिल्ह्यात. इथं जमीन थोडी आणि फौजी फार. तालमीसमोर एक दगड आहे, त्याच्यावर पहिल्या महायुद्धाला गेलेल्यांचा आकडा इंग्रजीत कोरलाय आणि खाली परत न आलेल्यांचा. गोरा माणूस गावात यायची ही पहिलीच वेळ होती असं नाही, पण भाड्याची मोटार करून, एकटा, हातात काठी घेऊन आलेला गोरा आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. साठी उलटून गेलेला, उंच, नाकाडा, कान थंडीनं लाल झालेले. कर्नल अ‍ॅलिस्टर स्ट्रॉन असं त्यानं नाव सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाआधी पाच वर्षं पेशावरात काढल्यामुळे त्याला हिंदी बरी येत होती. पुढचं त्याचं आणि त्याच्याशी झालेलं बोलणं मी बहुतेक मराठीतच देतो, म्हणजे वाचणाऱ्यालाही सोपं आणि मलाही.

"हैबती फडतरे कोण?" त्यानं विचारलं.

हैबती फडतरे म्हणजे माझे वडील. आबा गर्दीच्या मागं उभे होते. लोकांनी वाट करून दिली. आबांनी पुढं येऊन खाडकन सलाम ठोकला आणि त्या झटक्यानं त्यांना खोकला आला. त्यांच्या उजव्या फुफ्फुसात इटलीतल्या लढाईचा लोखंडाचा तुकडा अजून होता. कर्नल उठून उभा राहिला, खोकला थांबेपर्यंत थांबला, आणि मग त्यानं खिशातून एक फोटो काढला. आबांनी आधी हात धोतराला पुसले, मगच फोटो घेतला.

फोटोत एक तरुण गोरा अधिकारी होता आणि त्याच्या शेजारी काखेत बॅगपाइप धरून विशीतले आबा.

"स्ट्रॉनसायेब," आबा म्हणाले. "कॅप्टन सायेब."

"माझा थोरला भाऊ, इयान," कर्नल म्हणाला. "त्यानं तुला एक चाल शिकवली होती. ती ऐकायला मी आलोय."

त्या चालीबद्दल इथंच सांगून टाकतो, कारण गावात ती लहान पोरालाही माहीत होती. आबा पेन्शनीवर आल्यापासून वाद्य पेटीत ठेवून होते. लग्नावरातीत त्यांनी कधी ते काखेत धरलं नाही. पण गावातला कुणी फौजी लढाईत गेल्याची तार आली, की आबा पेटी उघडायचे, त्या दगडासमोर उभे राहायचे आणि ती एकच चाल वाजवायचे. बासष्टला वाजवली, पासष्टला दोनदा, एकाहत्तरला तीनदा. चाल संथ होती. हळूहळू चढत जायची, आता उतरेल असं वाटायचं, आणि नेमकी तिथंच आबा वाद्य खाली घ्यायचे. शेवटची ओळ ते वाजवत नाहीत, त्यांनी मरत्या साहेबापुढं शपथ घेतलीय, असं गावात सगळे सांगायचे. परगावचे पाहुणे आले की आमचे लोक ते अभिमानानं ऐकवायचे. आबांच्या वाट्याला गावात जो मान होता, तो निम्मा त्या न वाजवलेल्या ओळीचा होता.

म्हणूनच सुभेदार कणसे आता पुढं झाले. सुभेदार आबांपेक्षा चार वर्षांनी मोठे, तेही इटलीत होते, पण दुसऱ्या कंपनीत. "ऐकवंल की, साहेब," ते म्हणाले. "पण एक आहे. शेवट तो वाजवत नाही. तुमच्या भावाला शब्द दिलाय त्यानं. एकोणचाळीस वर्षं पाळलाय."

कर्नलनं आबांकडं बघितलं. "शब्द? कसला शब्द?"

आबा फोटोच बघत होते.

"आता तुम्ही घरचेच आलात म्हटल्यावर शब्द सुटला," सुभेदारांनी स्वतःच निकाल लावला. "उद्या सकाळी दहाला. सबंध गाव येईल. पहिल्यापासून शेवटापर्यंत वाजवंल हैबती. काय रं?"

आबांनी मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, ते मला कळलं नाही.

"जेवढी आहे तेवढी वाजव," कर्नल म्हणाला. हे त्यानं अगदी हळू म्हटलं आणि गलक्यात त्याच्याकडं कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

मग चहा आला. चहाबरोबर आमच्या लोकांनी त्याला रीतीप्रमाणे सगळं विचारून घेतलं. गाव कुठलं, शेती किती, घरात कोण कोण. त्याला त्याचा राग आला नाही. त्यानं सांगितलं, गाव असं नाहीच, डोंगरात एक दगडी घर आहे, त्याला ड्रमॉरन म्हणतात. घराण्याचा जो प्रमुख असतो त्याला लोक स्ट्रॉन म्हणत नाहीत, नुसतं ड्रमॉरन म्हणून हाक मारतात. अडीचशे वर्षं घराण्यातला थोरला मुलगा लढाईवर जातो आणि धाकटा, फौजेत असला तरी, लढाई लागली की घर सांभाळायला परततो.

"आणि थोरल्याचं काय होतं?" कुणीतरी विचारलं.

कर्नल बोटांवर मोजायला लागला. एक अमेरिकेत गेला. एक स्पेनमध्ये. एक क्रिमियात, एक काबूलच्या वाटेवर, एक आफ्रिकेत, एक फ्रान्सात, तो त्याचा काका. आणि इयान इटलीत. "एक राहिला," तो म्हणाला. "एक इथंच तुमच्या मुलखात, असईच्या लढाईत. मराठ्यांच्या तोफेनं."

सुभेदार म्हणाले, "म्हणजे एक आम्ही मारला आणि एकाच्या बाजूनं आम्ही लढलो. फिट्टंफाट झाली म्हणायची." कर्नल पहिल्यांदा हसला.

"आठातला एकही घरी पुरलेला नाही," तो म्हणाला. "घर नेहमी धाकट्यानं चालवलं."

"मग आता ड्रमॉरन तुम्हीच की."

"लोक म्हणतात," कर्नल म्हणाला आणि चहाचा कप खाली ठेवला. मोटारीत बसून तो तालुक्याच्या डाकबंगल्यावर मुक्कामाला गेला.

दुपारी जेवणं झाल्यावर आबा मला म्हणाले, "मुगुट, पेटी घे. खळ्यावर जाऊ."

मला वाटलं, छातीत दम नाही म्हणून ते मला वाजवायला लावणार. ते बरोबरच होतं. एकाहत्तरच्या तिसऱ्या वेळी त्यांना चाल पुरी करताना भोवळ आली होती. मी मनातून खूश झालो. मी पलटणीत शंभर चाली वाजवायचो, पण ही एक त्यांनी मला कधी शिकवली नव्हती. मागितली की म्हणायचे, "बगू फुडं." त्या अर्ध्या चालीसाठी आम्हा बापलेकांत अबोला झाल्याचंही मला आठवतं.

खळ्यावर ज्वारीची कणसं अजून आलेली नव्हती. आबा मधल्या मेढीच्या खांबाला पाठ लावून बसले आणि काठीनं माती उकरू लागले.

"शपथ-बिपथ काय न्हाई," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"म्हंजे शेवट मला येतच न्हाई. सायबानं शिकिवलाच न्हाई."

मला हसू आलं, खरं सांगतो. एवढ्या वर्षांचा गावाचा डौल आणि त्याच्या खाली काहीच नाही. पण त्यांचं तोंड बघितलं आणि हसू घशातच राहिलं.

"मग एवढी वर्सं लोकांना सांगितलं ते?"

"म्या कुटं सांगिटलं? बासष्टला दौलूचा पोरगा गेला, तवा हितं पैल्यांदा वाजिवलं. येत हुतं तितं थांबलो. कणसे म्हनला, शपथ आसंल सायबाची. म्या गप ऱ्हायलो. यकदा गप ऱ्हायल्यावर मागनं बोलायची सोयच ऱ्हायली न्हाई."

"पण साहेबानं अर्धीच का शिकवली?"

आबा म्हणाले, "त्येची बुटं माज्याकडं, त्येचं घड्याळ माज्याकडं, पाळतीवर जाताना घरची पत्रंसुदिक माज्यापाशी ठिवायचा. तोंडानं बोल म्हणून शिकिवलं मला, ढोलकीचे आस्त्यात तसं. यकयक बोल धा-धा येळा. आनि हितं आलं की थांबायचा. म्या इचारायचो, सायेब, फुडं? तर म्हनायचा, फुडं न्हाई, तुला येवढंच. म्हनायचा, मी मेलो तर ह्येच वाजीव. मेला, तवा ह्येच वाजिवलं द्राक्षाच्या मळ्यात, त्येच्या खड्ड्यापाशी. तितंबी अर्धंच." त्यांनी काठी खाली ठेवली. "आपून काळं मानूस. घरातलं समदं आपल्या हातात कोन दील? जीव दिला आस्ता म्या त्येच्यासाटी. पर त्येला तेवढा भरवसा न्हाई वाटला."

एकोणचाळीस वर्षं हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं, आणि त्या मेलेल्या कॅप्टनचा रागही आला.

"आता?" मी विचारलं.

"आता तू येवढा बँडवाला. शेवटाला दोन वळी जोडून दे. त्यो म्हातारा कुटून आलाय बग. त्येलाबी बरं वाटंल, गावातबी ऱ्हाईल."

मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. एक तर बापाची अब्रू, आणि दुसरं म्हणजे जोडून द्यायचं कामच असं होतं की मला आतून गुदगुल्या झाल्या. आबांनी मला बोल सांगायला सुरुवात केली. "हिहरिन होद्रो, हिहरिन हाद्रो," असे ते बोल. लहानपणी ते पुटपुटताना आम्ही ऐकायचो, आईला वाटायचं कसलातरी मंत्र आहे. प्रत्येक बोलाला एक सूर आणि एक मुरकी. दोन तासांत सबंध चाल माझ्या बोटांत आली. मग आबा विहिरीकडं जाऊन बसले आणि मी शेवट रचायला घेतला. ऊन उतरायच्या आत तो तयार झाला. खोटं कशाला बोलू, चांगला जमला होता. दोन जागी तर मी अशा मुरक्या घातल्या होत्या की आमच्या बँडमास्तरनं पाठ थोपटली असती.

आबांनी तो एकदा ऐकला. "ब्येस हाय," एवढंच म्हणाले. माझ्याकडं बघितलं मात्र नाही.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय शिजतंय बापलेकांचं?"

"उद्याचं," मी म्हणालो.

"उद्या तरी पुरं करा बाई तुमच्या त्या बकऱ्याचं वरडणं," ती आबांना म्हणाली. पाइपच्या पिशवीला ती बकरं म्हणायची. "मधीच थांबता, मला रातभर झोप न्हाई लागत. कायतरी सांडून ठिवल्यागत वाटतं." आबा हात धुवायला गेले.

सकाळी दहाला तालमीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेला सुट्टी दिली होती. पेन्शनीतले झाडून सगळे मेडलं लावून आले होते. हेडमास्तरांची खुर्ची कालच्याच जागी होती, सुभेदारांनी आशा सोडली नव्हती. कर्नल आला, त्यानं खुर्चीला वळसा घातला आणि कट्ट्यावर कालच्याच जागी बसला. आबा त्याच्या शेजारी. मी दगडासमोर उभा.

"माझ्या छातीत दम न्हाई. पोरगा वाजवंल," आबांनी कर्नलला सांगितलं.

"तू शिकवलंस त्याला?"

"काल."

कर्नलनं मान डोलावली. तो पुढं वाकून बसला, दोन्ही हात काठीवर. डोळे त्यानं आधीच मिटून घेतले होते. तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की ह्या माणसाला इथं गंमत म्हणून काही ऐकायचं नाही.

मी पिशवी फुगवली, सूर धरला आणि सुरुवात केली. चाल माझ्या बोटांखालून आपोआप चालली. पहिला फेरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्यात ती चढायला लागली, तेव्हा मला समोरचं काही दिसेनासं झालं. मी किती जणांसाठी वाजवली असेल सलामी-मानवंदना, पण ही वाजवताना मला आमच्याच गावातल्या त्या सहा जणांची तोंडं आठवली. चढ संपला. आबा जिथं थांबायचे ती जागा आली. माझी बोटं माझ्या शेवटाच्या पहिल्या सुरासाठी उचलली गेलीसुद्धा होती.

आबांनी काठी कट्ट्यावर आपटली.

"थांब, मुगुट."

मी थांबलो. सुरांची पिशवी काखेत हुंदके देत रिकामी झाली.

आबा उठले. "फुडचं मला येत न्हाई," ते मराठीतच म्हणाले आणि मग कर्नलकडं वळून मोडक्या हिंदीत म्हणाले, "साब, आगे का मेरे को मालूम नहीं. कॅप्टनसाब ने नहीं सिखाया. कसम झूठ है."

सुभेदारांनी मान खाली घातली. शपथेची गोष्ट गावात त्यांनीच उठवली होती आणि ते त्यांना तिथल्या तिथं आठवलं असावं. मला मात्र आबांचा संताप आला होता. दोन ओळी मी जीव तोडून बसवल्या होत्या. दहा सेकंद गप्प बसले असते तर सगळं निभावलं असतं, आणि त्यांनी भरगावात स्वतःच्या हातानं स्वतःचं नाक कापून घेतलं होतं. वर उभे होते ताठ, जसे काल सलाम करताना होते.

कर्नल उठला. त्यानं टोपी काढून कट्ट्यावर ठेवली. आणि तो गायला लागला.

आवाज फुटका होता, म्हातारा होता, पण सूर पक्का होता. "हिहरिन होद्रो." आबांचेच बोल. आबा जिथं थांबायचे त्या सुरावरूनच त्यानं उचललं आणि तो खाली उतरायला लागला. चारच ओळी होत्या. एकही मुरकी नव्हती. एवढं साधं होतं की ऐकताना वाटलं, हे मला आधीपासून येत होतं. शेवटचा बोल त्यानं लांबवला नाही, नुसता ठेवला. माझा शेवट मी त्यानंतर पुन्हा कधी वाजवला नाही, मनातल्या मनातसुद्धा नाही.

आबांचे ओठ हलत होते. "तुमाला येतंय," ते म्हणाले. "तुमाला पैल्यापास्नं येतंय."

"मला एवढंच येतं," कर्नल म्हणाला. "तू वाजवलंस ते मला येत नाही. मी ते आज पहिल्यांदा ऐकलं."

मग त्यानं सगळं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, पत्ता सांगावा तसं.

त्यांच्या घरात ही चाल दोन तुकड्यांत शिकवतात. थोरला लढाईवर जातो, त्याला पहिला तुकडा. तो कंपनीतल्या कुणा पायपरला, म्हणजे बॅगपाइप वाजवणाऱ्याला, शिकवतो. थोरला मेला की पायपर त्याच्या खड्ड्यापाशी तेवढंच वाजवतो, मग घरी येतो आणि दारात उभा राहून पुन्हा तेवढंच वाजवतो. घरात राहिलेल्या धाकट्याला दुसरा तुकडा शिकवलेला असतो. पायपर थांबला की धाकट्यानं उंबऱ्यात उभं राहून शेवट म्हणायचा. दोन्ही तुकडे एकाला एक जोडले की मेलेला माणूस घरी पोचला. मग घराला नवा ड्रमॉरन. त्याआधी नाही.

"ज्याच्यासाठी वाजायचं, त्याला शेवट ठाऊक असू नये, असं आमच्याकडं मानतात," तो म्हणाला. "शेवट शिकलेला थोरला परत येत नाही म्हणे. न शिकलेलेही आले नाहीत, पण रीत ती रीत." मग तो आबांकडं वळला. "इयानला शेवट येत नव्हता, हैबती. त्याला कधी कुणी शिकवलाच नाही. त्याला जेवढं येत होतं, तेवढं सगळं त्यानं तुला दिलं."

आबांना हिंदी येत होती. तरी ते माझ्याकडं वळले. "काय म्हनला त्यो?"

"साहेबाला स्वतःलाच पुढचं येत नव्हतं, आबा. होतं नव्हतं ते समदं तुम्हाला दिलं."

"समदं?"

"समदं."

आबा खाली बसले. त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि त्यांची छाती वरखाली व्हायला लागली. मला वाटलं खोकला आला. खोकला नव्हता. माझा बाप रडताना मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. आई गर्दीतून वाट काढत आली आणि गावासमोर, रीतभात सोडून, त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसली.

"मग इतकी वर्षं का नाही आलात, साहेब?" सुभेदारांनी विचारलं. आवाजात थोडी तक्रार होती. "एवढा जीव जळला ह्याचा."

"मला पायपर कोण ते ठाऊक नव्हतं," कर्नल म्हणाला. "इयाननं शेवटचं पत्र आईला लिहिलं होतं. त्यात हैबतीचं नाव होतं, गाव होतं, आणि त्याला बोलावून घ्या असं लिहिलं होतं. आईनं ते कुणाला दाखवलं नाही. गेल्या वर्षी ती गेली, एक्याण्णव वर्षांची होऊन, तेव्हा तिच्या कपाटात सापडलं." त्यानं काठी कट्ट्याला टेकवून ठेवली. "पायपर आला असता तर तिच्या लेखी इयान मेला असता. तिनं येऊच दिलं नाही. रोज जेवताना त्याची खुर्ची ती टेबलाच्या डोक्याशी मांडायची. लोक मला ड्रमॉरन म्हणायचे, सही मीच करायचो, आणि बसायचो तिच्या डाव्या हाताला. एकोणचाळीस वर्षं."

मी हेडमास्तरांच्या खुर्चीकडं बघितलं. माझ्याबरोबर बऱ्याच जणांनी बघितलं.

"आता पुढं तुमच्या थोरल्याला कोण शिकवणार?" मी विचारलं, कारण काहीतरी बोलायला हवं होतं.

"माझा थोरला विमा विकतो," कर्नल म्हणाला. "त्याला मारायला कुणी येईल असं वाटत नाही. पण तू मला हे बोल लिहून दे."

आबा आता सावरले होते. त्यांनी टोपी सरळ केली, आईचा हात बाजूला केला आणि उठून उभे राहिले. काठी त्यांनी माझ्याकडं दिली. तिच्याशिवाय चालायला त्यांना त्रास व्हायचा, तरी ते चार पावलं चालत खुर्चीपर्यंत गेले आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"कॅप्टनसाब घर पहुँच गये," ते म्हणाले. "बैठिये, ड्रमॉरन साब."

कर्नल जागचा हलला नाही. मला वाटलं, तो पुन्हा नाही म्हणणार. मग त्यानं कट्ट्यावरची टोपी उचलली, डोक्यावर ठेवली, खुर्चीपाशी गेला आणि बसला. आधी कडेवर, जसं दुसऱ्याच्या घरी बसतात तसं. नंतर हळूहळू मागं सरला, पाठ वेताला टेकवली आणि दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. आबा त्याच्या बाजूला उभेच राहिले.

"चहा आणा रं," सुभेदार म्हणाले.